मानवशास्त्राची पदवी घेतली, पुढे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी निकाल लागले की हेच प्रश्न येतात. काही विद्यार्थ्यांचे असतात, बरेचसे त्यांच्या आई-वडिलांचे. मी याच विषयात, म्हणजे अँथ्रोपॉलॉजीत, एमए केलं, याच विषयावर माझं घर चालतं, आणि हा विषय निवडणाऱ्या मुलामुलींनी अर्ध्यात निराश होऊन तो सोडू नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून जमतील तितकी सरळ उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

मानवशास्त्र शिकून नोकरी लागते का?

लागते. पण ‘मानवशास्त्रज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात क्वचितच येते, आणि तिच्यावर विसंबून राहणाऱ्यांची वर्षं वाया जातात. बाकीच्या कामांच्या जाहिरातीत आपल्या विषयाचं नावच नसतं. तिथे ‘संशोधन सहायक’, ‘प्रकल्प समन्वयक’, ‘फिल्ड रिसर्चर’, ‘मूल्यमापन अधिकारी’, ‘युजर रिसर्चर’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. जाहिरात वाचताना शैक्षणिक पात्रतेच्या आधी कामाचं वर्णन वाचा. गावात राहून माहिती गोळा करणं, सविस्तर मुलाखती घेणं, अहवाल लिहिणं असं काही दिसलं, तर अर्ज करा आणि पहिल्याच ओळीत सांगा की हे काम मी केलेलं आहे.

इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. या विषयात पोट भरतं ते फिल्डवर्कवर. एकाच वर्गातून सारख्याच गुणांनी बाहेर पडलेल्या दोघांपैकी ज्याने एखाद्या पाड्यावर मुक्काम ठोकून नीट नोंदी केल्या असतील, त्याला काम मिळतं. ज्याने शेवटच्या महिन्यात घाईने प्रश्नावल्या भरून प्रबंध उरकला, तो मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला अडतो.

समाजशास्त्र आणि एमएसडब्ल्यूवालेही त्याच जागांसाठी येतात. मग आपलं वेगळं काय?

एक उदाहरण देते. कातकरी वाडीवर सर्वेक्षण आहे. फॉर्मवर पहिला रकाना ‘कुटुंबातील सदस्यसंख्या’. प्रत्यक्षात एका घरात दोन चुली आहेत, म्हणजे दोन कुटुंबं. त्यातली अर्धी माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली, ती पावसाच्या तोंडाला परतणार. शेजारच्या दाराला कडी आहे. जानेवारीत आलेला सर्वेक्षक ‘कुटुंब आढळले नाही’ असा शेरा मारून पुढे जातो, आणि तो शेरा पुढच्या याद्यांत उतरत राहिला की घरकुल, रेशन, लसीकरण सगळ्यांतून ते घर गळतं. आपल्या विषयाने शिकवलेलं काम इथे सुरू होतं. आधी चुली मोजायच्या, बंद दाराबद्दल शेजारणीला विचारायचं, वाडीची वंशावळ काढायची, कोण कुणाकडे राहतंय ते लिहायचं आणि पावसाळ्यात पुन्हा यायचं.

याला आज मागणी आहे. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन जमाती ‘विशेष असुरक्षित’ गटात मोडतात. त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘पीएम-जनमन’ ही केंद्राची योजना सुरू झाली. अशा योजना कागदावर कितीही चांगल्या असल्या, तरी वाडीवर नेमकं कोण राहतं हेच माहीत नसेल तर त्या पोचत नाहीत.

सरकारी नोकऱ्या नेमक्या कुठे आहेत?

सगळ्यात थेट जागा म्हणजे भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण. १९४५ मध्ये स्थापन झालेली केंद्र सरकारची ही संस्था, मुख्यालय कोलकात्याला, आणि आपल्या जवळचं केंद्र नागपूरला. कुमार सुरेश सिंह यांच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात याच संस्थेने देशातल्या ४,६३५ समाजांची नोंद केली. इथे सांस्कृतिक (समाज, नाती, चालीरीती) आणि शारीरिक (मानवी शरीर, हाडं, आनुवंशिकता) मानवशास्त्राच्या जागा वेगवेगळ्या निघतात. त्या कमी असतात, कधी निघतील याचा भरवसा नसतो, म्हणून संस्थेचं आणि लोकसेवा आयोगाचं संकेतस्थळ नियमित पाहायची सवय लावून घ्या. संस्थेच्या संशोधन फेलोशिपही असतात.

राज्यात पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. ती १९६२ पासून काम करते, तिचं आदिवासी संग्रहालयही आहे. आदिवासी विकास विभागात संशोधन सहायक, गृहपाल, आदिवासी विकास निरीक्षक अशी पदं असतात. यातली बरीचशी इतर पदवीधरांनाही खुली असल्यामुळे तुमची स्पर्धा सगळ्यांशी असते. संग्रहालयांत संधी थोड्या आहेत. भोपाळचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय मात्र प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी पाहावं, नोकरी असो वा नसो.

जात पडताळणी समितीत मानवशास्त्राचं काय काम असतं?

या प्रश्नाचं उत्तर मी थोडं विस्ताराने देते, कारण इथे आपला विषय माणसाच्या आयुष्यावर थेट परिणाम करतो.

१९९४ च्या माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जात-जमात प्रमाणपत्रांच्या तपासणीची पद्धत घालून दिली. दक्षता पथकाने मूळ गावी जाऊन चौकशी करायची, आणि अर्जदार अनुसूचित जमातीचा असेल तर त्याची दैवतं, सणवार, लग्नाच्या चालीरीती, मृत्यूनंतरचे विधी यांचीही माहिती घ्यायची. याला सगळे ‘अ‍ॅफिनिटी टेस्ट’, म्हणजे त्या जमातीशी आप्तभाव आहे का याची चाचणी, म्हणतात. महाराष्ट्रात अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समित्या हे काम करतात, आणि अहवाल वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांत मानवशास्त्र जाणणारी माणसं लागतात.

आता कल्पना करा, तीन पिढ्यांपूर्वी आजोबा गिरणीत कामाला आले. नातवाचा जन्म शहरातल्या चाळीत झाला. त्याला कुलदैवत माहीत आहे, पण लग्नातली जुनी गाणी माहीत नाहीत. जुनं वर्णन हातात धरून टिकमार्क करणारा अधिकारी त्याला ‘आप्तभाव नाही’ म्हणून नापास करेल. शिकलेला मानवशास्त्रज्ञ जाणतो की चालीरीती बदलतात, शहरात आणखी वेगाने बदलतात, आणि त्या बदलल्या म्हणून माणूस त्या समाजाचा राहत नाही असं होत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही मार्च २०२३ च्या निकालात स्पष्ट केलं की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. १९५० पूर्वीच्या कागदपत्रांना आधी वजन द्यायचं असतं. तुम्ही या कामात गेलात, तर तुमच्या एका परिच्छेदावर कुणाचं मेडिकलचं शिक्षण किंवा नोकरी अवलंबून असेल. खोट्या दाखल्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा जातात हेही तितकंच खरं. दोन्ही बाजू पेलणारी माणसं तिथे हवी आहेत, आणि ती आपल्या विभागांतून जावीत अशी माझी इच्छा आहे.

यूपीएससी-एमपीएससीला हा वैकल्पिक विषय घ्यावा का?

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत मानवशास्त्राचे दोन पेपर आहेत, प्रत्येकी २५० गुणांचे. मुलाखत धरून एकूण गुण २,०२५, त्यात हे ५००. अभ्यासक्रम आटोपशीर आहे, दुसरा पेपर भारतातल्या समाजांवर आणि जमातींवर आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यावर तिथेही वैकल्पिक विषय आले आणि यादीत मानवशास्त्र आहे.

इंजिनिअर आणि डॉक्टर हा विषय आवडीने घेतात. एमए झालेल्यांना वाटतं आपण पुढे आहोत, पण परीक्षा मागते ती थोडक्यात, मुद्देसूद, आकृत्यांसह लिहिण्याची सवय. ती तुम्हालाही वेगळी करावी लागेल. आणि किती वर्षं द्यायची, हे सुरुवातीलाच घरच्यांशी बसून ठरवा.

आरोग्य क्षेत्रात मानवशास्त्रज्ञाला कोण घेतं?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही आरोग्यसंस्था सुरू केली, तेव्हा लोकांनाच विचारलं की दवाखाना कसा हवा. मोठ्या, पांढऱ्या इमारतींची भीती वाटते हे त्यातून कळलं. म्हणून दवाखाना गावासारखा, झोपड्यांच्या रचनेत बांधला गेला, नातेवाइकांच्या राहण्याची सोय झाली आणि नाव ठेवलं माँ दंतेश्वरी. हे काम डॉक्टरांनी केलं, पण पद्धत आपल्या विषयाची आहे. माणूस उपचार का टाळतो हे त्याच्याकडून समजून घ्यायचं आणि मग व्यवस्था बदलायची.

पश्चिम आफ्रिकेत २०१४ नंतर इबोला पसरला, तेव्हा मृतदेहाला स्पर्श करून अंत्यविधी करण्याच्या प्रथेतून लागण होत होती. नुसती बंदी घातल्यावर लोक रात्री लपून दफन करू लागले. मानवशास्त्रज्ञांनी कुटुंबांशी बोलून कोणता विधी टाळता येईल, कोणता ठेवलाच पाहिजे हे शोधायला मदत केली, आणि ‘सुरक्षित व सन्मानपूर्वक दफन’ ही पद्धत रुळली.

आपल्याकडे आज सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं काम मोठं आहे. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, नंदुरबार आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत तिचं महत्त्व वेगळं सांगायला नको. रक्त तपासायला तंत्रज्ञ आहेत. पण तपासणीत ‘वाहक’ (स्वतः आजारी नसली तरी दोष पुढच्या पिढीत जाऊ शकणारी) निघालेल्या मुलीचं लग्न मोडेल या भीतीने घर तपासणीच नाकारतं, तेव्हा नातेसंबंध आणि आनुवंशिकता दोन्ही शिकलेला माणूस लागतो. जबलपूरची आदिवासी आरोग्य संशोधन संस्था, राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी पदं, आरोग्यावर काम करणाऱ्या संस्था, ही शोधायची ठिकाणं. आकड्यांची आवड असेल तर मुंबईत गोवंडीच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत पदव्युत्तर शिक्षण घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम तीच संस्था पाहते.

धरणं, रस्ते, खाणी यांच्या प्रकल्पांत काम मिळतं का?

मिळतं, आणि मराठी माणसाला याची परंपरा माहीत असायला हवी. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांचं काय झालं, याची पाहणी मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली. ती १९६९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ मध्येच केला होता. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणाम मूल्यमापन सक्तीचं केलं, पुढे काही प्रकल्पांना सूट मिळाली, तरी हे काम चालू आहे.

सातबाऱ्यावर नाव असलेल्याचं नुकसान तलाठ्याच्या दप्तरात सापडतं. गुरचरणावर शेळ्या चारणारी बाई, नदीत भोईपण करणारं कुटुंब, मोहाची फुलं वेचून चार महिने घर चालवणारं आदिवासी घर, देवराई, ही कुठल्याच उताऱ्यावर नसतात. त्यांची नोंद तुमच्या अहवालात आली तरच भरपाईचा विषय निघतो. सल्लागार कंपन्या घाई करतात, ‘चार दिवसांत गाव उरका’ म्हणतात. तिथे तुम्हाला ठाम राहता यायला हवं, नाहीतर ते काम घेऊ नका.

वनहक्क कायदा २००६ चा. सामूहिक वनहक्काचे दावे तयार करणं, ग्रामसभेसोबत नकाशे करणं हे त्याच्या शेजारचं काम. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये हा हक्क मिळाला. संस्थेत रुजू होण्याआधी त्या गावाचा प्रवास जरूर अभ्यासा.

एनजीओमध्ये पगार तुटपुंजा असतो ना?

सुरुवातीला बहुतेकदा हो. पुण्या-मुंबईत खोलीभाडं देऊन हातात फारसं उरत नाही. तालुक्याच्या गावी राहिलात तर भागतं. पहिली दोन-तीन वर्षं अनुभवासाठी द्यायची आणि मग मूल्यमापन, संशोधन किंवा कार्यक्रम व्यवस्थापनाकडे जायचं, हा रस्ता बऱ्याच जणांना लाभलेला आहे. करार किती महिन्यांचा, प्रवासखर्च कोण देणार, हे लेखी घ्या. विचारायला संकोचू नका. समाजसेवेच्या नावाखाली फुकट राबवणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणा.

मला खाजगी कंपनीत जायचंय. तिथे आपलं काय?

१९८० च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात ल्युसी सचमन या मानवशास्त्रज्ञेने माणसं फोटोकॉपी यंत्राशी कशी झगडतात याचं चित्रण केलं. यंत्र बनवणाऱ्यांना सोपं वाटणारं यंत्र हुशार माणसांनाही उमगत नव्हतं. १९९८ मध्ये जेनेव्हिव्ह बेल इंटेलमध्ये गेल्या आणि घराघरांत लोक तंत्रज्ञान कसं वापरतात याचा अभ्यास तिथे रुजवला.

आपल्याकडे पैसे पाठवणारी अ‍ॅप, शेतीची अ‍ॅप, कर्ज देणाऱ्या कंपन्या, सगळ्यांना आता तालुक्यातला ग्राहक समजून घ्यायचाय. फोन नवऱ्याच्या नावावर, ओटीपी मुलगा वाचून देतो, खातं सासूचं, असं एकच कुटुंब कंपनीच्या आकडेवारीत तीन वेगळे ग्राहक म्हणून दिसतं. हे उलगडून सांगणारा माणूस त्यांना हवाय. पुणे, मुंबई, बंगळूरूमध्ये या जागा निघतात. तुमच्या प्रबंधातून दहा पानांचा, फोटो आणि निष्कर्ष असलेला नमुना तयार ठेवा. प्रबंधच पाठवला तर तो कुणी उघडत नाही.

शारीरिक मानवशास्त्रवाल्यांनी शरीरमापनाची बाजूही पाहावी. निफ्ट या फॅशन तंत्रज्ञान संस्थेने भारतीय कपड्यांच्या मापांसाठी सहा शहरांत २५,००० हून अधिक लोकांची मापं घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. खुर्ची, हेल्मेट, वाहनाची सीट, सगळीकडे असं काम लागतं.

मालिकांमध्ये दाखवतात तसं हाडांवरून गुन्हा शोधायचं काम मिळेल?

खरं सांगते, आपल्याकडे या नावाच्या जागा फारच थोड्या आहेत. सापडलेला सांगाडा बहुधा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र किंवा न्यायवैद्यक विभागाकडे जातो. तरी ओढ असेल तर गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठासारख्या ठिकाणी पुढचं शिक्षण घ्या. त्याचं एक केंद्र गोव्यातही आहे. हाडांची गोडी प्राचीन काळाकडे वळवता येत असेल, तर डेक्कन कॉलेज डोळ्यांसमोर ठेवा. शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन घरांत जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली बाळं सापडली. त्या काळचं पोषण, आजार, बालमृत्यू यांबद्दल हाडं आणि दात बोलतात. त्या अभ्यासासारखं सुंदर काम मला दुसरं माहीत नाही.

एमए करावं की एमएस्सी?

कामाच्या ठिकाणी फरक कमी पडतो. सरकारी जाहिरातीत मात्र ‘शारीरिक’ पदासाठी कोणत्या शाखेची पदवी लागते ते नीट वाचा. मनाने सांस्कृतिक आणि शारीरिक, दोन्हीकडे राहा. इरावतीबाईंनी बर्लिनमध्ये मानवी कवटीच्या असमानतेवर पीएचडी केली आणि पुढे नातेव्यवस्थेवर मूलभूत ग्रंथ लिहिला. पदवी दुसऱ्या विषयाची असली तरी बऱ्याच विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेश मिळतो. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर इग्नूचा एमए आहे, फक्त त्याच्या फिल्डवर्कला पळवाट शोधू नका.

प्राध्यापक व्हायचंय. जमेल?

नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा द्या, मानवशास्त्र हा तिथे स्वतंत्र विषय आहे. त्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात आणि पीएचडीची चिंता मिटते. बार्टी, सारथी, महाज्योती आणि आदिवासी संशोधन संस्था यांच्या फेलोशिप आपापल्या प्रवर्गासाठी आहेत. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. पण महाराष्ट्रात हा विषय शिकवणारी महाविद्यालयं मोजकी, पूर्णवेळ जागा त्याहून मोजक्या, आणि चांगली शिकलेली माणसं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबतात. हे पाहून मला वाईट वाटतं. पीएचडी संशोधनाच्या ओढीने करा आणि दुसरं एखादं कौशल्य हाताशी ठेवा. जीआयएस नकाशे किंवा आकडेवारीचं सॉफ्टवेअर, यांपैकी एक तरी.

मुलीला फिल्डवर एकटीला पाठवावं का?

काळजी रास्त आहे. मुक्कामाचं घर आधी ठरवावं, शक्यतो आशाताई किंवा अंगणवाडीताईच्या ओळखीचं. ग्रामपंचायत आणि पोलीस पाटलांना विभागाचं पत्र द्यावं. रोज एका ठरलेल्या वेळी फोन. पण पाठवाच. बाळंतपण, पाळी, माहेर-सासरचे व्यवहार, यांबद्दल गावातल्या बायका जे मुलींशी बोलतात ते पुरुष संशोधकाला सहसा कळत नाही. तिच्या नोंदवह्यांना त्यामुळे वेगळं मोल असतं.

मी स्वतः आदिवासी आहे. आपल्याच लोकांचा अभ्यास केला तर तो तटस्थ मानतील का?

मानायलाच हवा. शंभर वर्षं बाहेरच्यांनी लिहिलं, त्यांना कुणी हा प्रश्न विचारला नाही. गोंडी, कोरकू, भिली, वारली येत असेल तर ती तुमची मोठी जमेची बाजू आहे. दुभाष्यामार्फत काम करणाऱ्याला जे गाळून मिळतं ते तुम्हाला थेट मिळतं. फक्त ओळखीचं आहे म्हणून लिहायचं राहून जातं, तेवढं सांभाळा. आपल्याच गावात दुसऱ्या कुळाच्या, दुसऱ्या टोलीच्या घरी जाऊन बसा आणि तिथे नवख्यासारखे प्रश्न विचारा.

बायोडेटात फिल्डवर्क कसं मांडायचं?

‘एमए मानवशास्त्र, प्रथम श्रेणी, प्रबंध पूर्ण’ एवढं लिहिलं तर समोरच्याला काहीच कळत नाही. असं लिहून पाहा: ‘जव्हार तालुक्यातील एका पाड्यावर मुक्काम करून पाच वर्षांखालील मुलांच्या आहाराचा अभ्यास. ४० कुटुंबांच्या मुलाखती, चोवीस तासांच्या आहाराच्या नोंदी, दंडघेर मापन. स्थलांतराच्या काळात मुलं कुणाकडे राहतात याचा नकाशा. निष्कर्ष ग्रामसभेत मराठीतून मांडले.’ जे केलं असेल तेवढंच लिहा, पण आकडे, पद्धत आणि गावाला परत काय दिलं हे तिन्ही येऊ द्या. माहिती देणाऱ्यांची नावं कुठेही टाकू नका.

माझं इंग्रजी कच्चं आहे. मग?

नोंदवही मराठीतच ठेवा, माणसं जसं बोलली तसंच लिहा. इंग्रजी अहवालाची गरज पडते हे मान्य करून त्याची वेगळी तयारी करा. रोज रात्री दिवसाच्या नोंदींचा सारांश पाच वाक्यांत इंग्रजीत लिहायचा, आणि तो तपासायला एखाद्या मित्राला द्यायचा. चांगले छापील अहवाल घेऊन त्यांची प्रकरणं कशी रचली आहेत ते पाहा. मुलाखतीत इंग्रजी अडखळलं तर फिल्डवरचा एक प्रसंग नेमका सांगा आणि मराठीत सांगायची परवानगी मागा. मी स्वतः निवड समितीत बसते तेव्हा अशा उमेदवाराला बोलू देते, आणि तशीच दुसरीही माणसं या क्षेत्रात आहेत.